एकेकाचं नाव घेत गेलो

फाळणीला पाच-सहा वर्षं झाली होती. मी फौजेत नाईक होतो, पिंपरीच्या पुढं एका डेपोवर गार्ड ड्युटी. चाकणपलीकडं आमचं गाव. जत्रेची सुट्टी मिळाली, युनिफॉर्मवरच घरी आलो.

सकाळी बैलगाड्यांच्या शर्यतीच्या घाटात हलगी कडाडत होती. महाळुंग्याचे बैल आलेले. देवळामागं बकरी बांधलेली. आमच्याकडं बकरं मुलाण्यानंच कापायचं. त्याची सुरी फिरल्याशिवाय जत्रेचं मटण कुणी तोंडाला लावत नाही. अब्बास मुलाणी घरी सुरीला धार लावत होता.

तेवढ्यात नामदेवचा शर्यतीचा बैल कोसळला. तोंडाला फेस. कुणीतरी बोललं, "पहाटं अब्बासनं हात फिरवला व्हता. इख घातलं." झालं. कोयते, काठ्या घेऊन घोळका अब्बासच्या घराकडं निघाला. पुढं नामदेव. अब्बाससंगं तालमीत लोळलेला गडी.

हे मी पंजाबात पाहिलं होतं. निर्वासितांचा काफिला कापणाऱ्यांतला एक आम्ही धरला. हलवाई निघाला. का केलंस, विचारलं. म्हणाला, "सगळे निघाले, मी एकटा मागं कसा राहू?" लोक म्हणतात राक्षस होते. मी म्हणतो, न्हाई. मी बघितलाय. जिलब्या तळणारा माणूस होता.

मी पळत जाऊन अब्बासच्या दारात उभा राहिलो. रायफल डेपोत जमा. आवाज तेवढा परेडचा होता.

"थम!"

थांबले.

"तुका सुतार! चुलीला लाकडं कोण फोडणार?"

"मीच की."

"मग फोड जा. कोंडिबा, मसाला वाटून झाला? का बायकोला सांगू तू हितं हाईस?"

"नगं राव!"

मागं कुणीतरी फसकन हसलं. मी एकेकाचं नाव घेत गेलो. नाव घेतलेला माणूस खाली बघायचा आणि मागं वळायचा. शेवटी नामदेव उरला, कोयता घेऊन.

"नाम्या, बैलाला राती काय चारलंस?"

"कणीक. ताकदीला."

"किती?"

"घमेलंभर."

मागून दार उघडलं. अब्बास, हातात सुरी. "नाम्या, रड मागनं. पोट फुगलंय त्याचं. आधी गोडेतेल आण."

दोघांनी बैलाला तेल पाजलं. थोड्या वेळानं बैलानं असा बार काढला की हलगीवाला थबकला. गाव पोट धरून हसलं. बैल उठला. बकरी कापली. पंगतीत नामदेवनं सगळ्यांत मोठी नळी अब्बासच्या ताटात टाकली.

पंजाबात त्या काफिल्यापुढं, कापायला आलेल्या गर्दीसमोर आमचे हवालदार साळुंखे एकटेच हात पसरून उभे राहिले होते. गोळीचा हुकूम आला नव्हता. "अरे भाई, अरे भाई," एवढंच ओरडत होते. दुसरं काय म्हणणार? त्या गर्दीतल्या एकाचंही नाव त्यांना माहीत नव्हतं. तिथंच पडले.