कुंभवळ नावाचं स्टेशन

"खंय उतरलंस?" काकींनी आतून विचारलं.

दारात उभ्या असलेल्या सदानंदने अजून पायातले बूटही काढले नव्हते. रजा संपवून तो आदल्या दिवशीच कोकणातून दुबईला परतला होता. हातात काकींसाठी आणलेल्या आमसुलांची पिशवी होती. त्याच्या मागे मी, आमच्या घरचा डबा न्यायला आलेली.

"देवसाळ रोडला," तो म्हणाला, आणि म्हणताक्षणी त्याचा चेहरा पडला.

काकींनी पिशवी घेतली, आमसुलांचा वास घेतला, "बरी हत" म्हणाल्या. मग सदानंदच्या डब्याचं झाकण उघडून त्यातली तळलेल्या सुरमईची तुकडी चिमट्याने उचलली आणि परत परातीत ठेवली. परात भरलेली होती.

"संपली तुकडी."

"वयनी, चुकान तोंडात इला..."

"संपली म्हटलंय मां."

सदानंद बिनतुकडीचा डबा घेऊन जिना उतरला. एसीचे डक्ट बसवणारा, खांद्यावर लोखंडी पत्रे घेऊन दहा मजले चढणारा माणूस. पण काकींसमोर त्याचं काही चालत नसे. कुणाचंच चालत नसे.

दुबईतल्या करामा भागातल्या आमच्या इमारतीत त्या दुसऱ्या मजल्यावर राहायच्या, आम्ही चौथ्या. आई नोकरी करायची, म्हणून रात्रीचं जेवण काकींकडून येई. बाकीचे डबे कोकणातल्या एकट्या राहणाऱ्या पुरुषांचे. गावाहून परतलेल्या प्रत्येकाला काकी घरच्यांची खुशाली विचारण्याआधी, गाडीने गावी जाताना कुठल्या स्टेशनवर उतरलास, हे एकच विचारायच्या. कुंभवळ म्हणणाऱ्याला तुकडी, कधी दोन. देवसाळ रोड म्हणणाऱ्याला नुसती आमटी. एकदा एक बेरकी गडी म्हणाला, "वयनी, मी विमानानं आलो, मुंबईत उतरलो." त्याला अर्धी मिळाली.

तुम्ही हसाल. मीही हसायचे. पण काकी हसत नसत, हे मला जरा उशिरा दिसलं.

कुंभवळ हे काकींचं सासर. कोकणात रेल्वेची लाइन आखली गेली तेव्हा स्टेशनची जागा नेमकी त्यांच्या मळ्यात पडली. काकी तेव्हा गावातच होत्या, नवरा इथे एका दुकानात स्टोअरकीपर. मोजणीला आलेले इंजिनिअर त्यांच्या ओटीवर बसून ताक प्यायचे आणि म्हणायचे, "वहिनी, तुमच्या गावाचं नाव आता टाइमटेबलात छापून येणार." भातशेती देताना गाव फार भांडलं नाही, त्याचं अर्धं कारण ते नाव होतं. भराव पडत होता, खडीचे ट्रक येत होते, तोवर सगळे त्या जागेला कुंभवळच म्हणायचे. ट्रकवाल्यांना कुंभवळ माहीत होतं. मुकादमाला माहीत होतं. मग उद्घाटनाच्या तोंडावर पिवळा बोर्ड आला आणि त्यावर तीन भाषांत लिहिलेलं होतं, देवसाळ रोड.

देवसाळ हे तालुक्याचं गाव. तिथे बाजार, कोर्ट, कॉलेज. स्टेशनपासून रिक्षाने पाऊण तास. तिथल्या मोठ्या माणसांचं शिष्टमंडळ मुंबईला जाऊन आलं होतं. कारण काय दिलं? बाहेरच्या प्रवाशाला कुंभवळ कळणार नाही.

"वळखनत नाय म्हणान नाव काढल्यानी," काकी घावनाच्या पिठाचे हात पदराला पुसत म्हणायच्या. "आता नाव लावल्याशिवाय वळखतले कशे? आणि रोड म्हंजे काय गो? गाव हय नाय, फुडे रस्त्यान आसा, ह्याची कबुलीच ती. कबुली लिवतत, पण नाव बदलनत नाय."

हे त्या मलाच सांगायच्या, कारण मी मध्ये बोलत नसे. मी फारशी कुठेच बोलत नसे. शाळेत इंग्रजी, घरी आईबाबांनी मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर, आणि काकींच्या स्वयंपाकघरात नुसतं ऐकणं. त्यांनी मला कधी "बोल की गो" असं म्हटलं नाही. त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

त्या स्वतः मात्र बोलायच्या. एकदा मी त्यांच्याबरोबर देऱ्याच्या मासळीबाजारात गेले होते. परतताना टॅक्सीवाल्या पठाणाला त्यांनी आमच्या गल्लीतल्या एका औषधाच्या दुकानाचं नाव सांगितलं. ते दुकान बंद होऊन काही वर्षं झाली होती, तिथे आता मोबाइलवाला होता. पठाण मान हलवून बरोबर तिथे घेऊन आला. त्या काळी दुबईत पत्ते नव्हते, अशाच खुणा होत्या. काकी मासळीची पिशवी घेऊन फुटपाथवर उभ्या राहिल्या आणि त्या मोबाइलच्या दुकानाकडे बघत म्हणाल्या, "हय मेलेल्या दुकानाचा नाव कोण सोडणा नाय. आमचो गाव जितो आसा, तरी काढल्यानी."

तेव्हा मला पहिल्यांदा राग आला. नेमका कुणाचा ते कळेना, पण घरी येऊन मी अभ्यास केला नाही.

माझ्या बाबांचं मत वेगळं होतं. ते दुबईतल्या आमच्या कोकणवासीयांच्या मंडळाचे सेक्रेटरी. स्टेशनांची नावं हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. व्हीटीचं छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं तेव्हा त्यांनी इमारतभर पेढे वाटले होते. पूनाचं पुणे, ठानाचं ठाणे, बॅसिन रोडचं वसई रोड, हे ते पाहुण्यांना बोटांवर मोजून दाखवत.

"इंग्रजांनी बिघडवलेलं आपण दुरुस्त केलं, वहिनी," डबा द्यायला आलेल्या काकींना ते म्हणाले.

"बरा केलात," काकी म्हणाल्या. खरंच म्हणाल्या, त्यांनीही पेढा आवडीने खाल्ला होता. "आणि तुमी बिघडवलेला कोण दुरुस्त करतलो?"

बाबा मोठ्याने हसले. त्यांना तो विनोद वाटला. ते साधे गृहस्थ आहेत, कुणाचं वाईट चिंतत नाहीत. पण एका राणीचं नाव काढून तिथे राजाचं लावणं आणि एका लहान गावाचं काढून तिथे मोठ्याचं लावणं, यातला फरक त्यांना दिसत नव्हता. बदल म्हटला की त्यांना पेढेच आठवत.

मग मंडळाकडे एक पाहुणे यायचे ठरले. देवसाळचे पुढारी, त्या शिष्टमंडळाच्या पुढे चाललेले. आखातातल्या कोकणवासीयांच्या भेटीला येत होते आणि कोकणात रेल्वे आणण्यास हातभार लावल्याबद्दल मंडळ त्यांचा सत्कार करणार होतं. ऊद मेथा भागातल्या एका शाळेचा हॉल, शुक्रवारची संध्याकाळ, जेवण अस्सल मालवणी. जेवण कोण करणार हे विचारायचंही कारण नव्हतं.

बाबा दुसऱ्या मजल्यावर गेले, मीही गेले. काकींनी सगळं ऐकून घेतलं.

"करतंय," त्या म्हणाल्या. "पण माका स्टेजवर दोन मिनटां होयी. भाषाण नाय करूचा. एकच इचारूचा हा. देवसाळ रोडच्या खाली बारक्या अक्षरात आमचा नाव लिवशात काय? बस."

"इन्शाल्ला, वहिनी. बघू."

इथे राहिलेल्या माणसाला सांगायला नको. ऑफिसात साहेब इन्शाल्ला म्हणाला की काम होणार नसतं.

काकींना ते कळलं असणार. तरी त्या आठवडाभर तयारीला लागल्या. डबे न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी सांगितलं की त्या विचारायला उभ्या राहिल्या की सगळ्यांनी उभं राहायचं, बोलायचं काही नाही. "येकट्या बायलेक गप करतले. तुमका सगळ्यांक कशे करतले?" सगळ्यांनी हो म्हटलं. सदानंदने छातीवर हात मारला. "वयनी, पयलो मी."

शुक्रवारी काकींनी अंजिरी रंगाची साडी नेसली होती. भाषणं चालली होती तेव्हा त्या स्टेजच्या पायरीशी, पडद्याला टेकून उभ्या होत्या. पाहुणे छान बोलले. रेल्वे आली आणि कोकणी माणसाचं स्वप्न पुरं झालं, असं म्हणाले. टाळ्या पडल्या. मग बाबांनी माइक घेतला, आभार मानले, सगळ्यांची नावं घेतली, हॉल देणाऱ्यांचं, फुलं देणाऱ्याचं, आणि "सुग्रास भोजनासाठी आमच्या वहिनींचं". मग म्हणाले, "यल्ला, चला, जेवून घेऊ या."

काकींचं एक पाऊल पायरीवर होतं. ते त्यांनी खाली घेतलं.

खुर्च्या सरकल्या, रांग लागली. काकी वाढायला उभ्या राहिल्या. त्यांच्या शेजारी मी, सोलकढीचा जग घेऊन. पाहुणे ताट घेऊन आले, मागे बाबा. काकींनी त्यांना वडे वाढले, दोन तुकड्या वाढल्या. पाहुण्यांनी तिथेच उभ्याने एक घास खाल्ला आणि डोळे मिटले.

"वा! आमच्या आईच्या हातची चव. कुठल्या हो बाई तुम्ही?"

"कुंभवळची."

"कुंभवळ?" पाहुण्यांनी बाबांकडे पाहिलं. "हे कुठे आलं?"

मी सांगते ते नीट ऐका. त्यांनी मुद्दाम नव्हतं विचारलं. त्यांना खरंच आठवत नव्हतं. ज्याचं नाव काढायला हा माणूस मुंबईपर्यंत गेला होता, ते नाव त्याला आठवत नव्हतं.

"देवसाळ रोडच्या, साहेब," बाबा म्हणाले.

"अरे, मग आमच्याच की!"

रांगेत मागे सदानंद होता. त्याच्यामागे बाकीचे होते, इस्त्रीचे शर्ट घातलेले, आठवडाभर हो म्हटलेले. काकींनी त्यांच्याकडे पाहिलं. सगळे आपापल्या ताटात बघत होते. ताटं रिकामी होती.

काकींनी चिमटा उचलला. पाहुण्यांच्या ताटातली एक तुकडी उचलून परातीत ठेवली. मग अर्धी खाल्लेलीही उचलली, ती बाजूच्या खरकट्याच्या भांड्यात टाकली.

"संपली तुकडी," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या माणसासाठी वडा उचलला.

बाबा घाईघाईने पाहुण्यांना बाजूला घेऊन गेले. "मनावर घेऊ नका साहेब, बाई जरा... एकटेपणाने होतं इथे असं." मी रांगेतल्यांना जगातली सोलकढी ओतत राहिले. त्या पुरुषांचा मला इतका राग आला होता की सोलकढी त्यांच्या ताटात सांडली तरी मी थांबत नव्हते. त्यांना कारणं असतील. कुणाला भावाचा व्हिसा हवा होता, कुणाला गावी पाहुण्यांकडून काम करून घ्यायचं होतं. असोत. रोज त्या बाईच्या हातचं खात होते.

खरं वाईट दुसऱ्या दिवशी झालं. सदानंद डबा न्यायला आला, मान खाली घालून. त्याच्याबरोबर त्याच सकाळी गावाहून आलेला एक जण होता. मी वाट बघत राहिले. काकींनी दोघांचे डबे भरले, दोघांनाही तुकडी घातली, झाकणं लावली आणि पुढे केली. खंय उतरलंस, हे विचारलं नाही.

त्यानंतर त्यांनी ते कुणालाच विचारलं नाही. सगळ्यांना तुकडी मिळायची. सगळे खूश होते. वयनी आता निवळल्या, असं म्हणायचे.

पुढच्या उन्हाळ्यात काकींचे यजमान कामाला होते ते दुकान मालकाने विकलं, व्हिसा गेला, आणि ती दोघं गावी परत गेली. निघताना काकींनी मला तव्यासकट घावनाचं उलथनं दिलं, जे मला आजवर नीट वापरता आलेलं नाही.

"ये गो कधी. गाडीन ये."

मी मान हलवली.

"बोर्डाकडे बघू नको. उजव्या हाताक आमची पाण्याची बावडी दिसतली, थंय उतर."

दुसऱ्या मजल्यावर नंतर एक फिलिपिनो कुटुंब आलं. जिन्यात तळणीचा वास यायचा, पण वेगळा.

बाबांनी मात्र ती गोष्ट सोडली नाही. घरी चार माणसं जमली की ते ती सांगत. पाहुण्यांचे मिटलेले डोळे, चिमटा, उचललेली तुकडी, सगळं साभिनय. लोक पोट धरून हसत. दर वेळी काकी थोड्या अधिक वेड्या होत आणि पाहुणे थोडे अधिक मोठ्या मनाचे. मी कॉलेज संपवून नोकरीला लागले, तरी गोष्ट चालूच होती. मी आत जाऊन पाणी आणायचे.

मागच्या ईदच्या सुट्टीत मंडळाचे लोक जेवायला आले होते. आईने सुरमई तळली होती, मी परात घेऊन वाढत होते. बाबांनी ताट पुढे केलं आणि जमलेल्यांकडे वळून सुरुवात केली, "अहो, ती एक देवसाळ रोडची बाई होती आमच्या इमारतीत..."

मी त्यांच्या ताटावर नेलेला चिमटा मागे घेतला. परात भरलेली होती, सगळ्यांना दिसत होती.

"कुंभवळची, बाबा," मी म्हणाले. "आणि तुकडी संपली."