कुंताबाईच्या पाच वाढीव पायऱ्या

ब्रह्मपुरीपासून जीपने अर्ध्या तासावरच्या त्या गावात मामा तलावाचं, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाचं, पाणी वाचता येणारं माणूस एकच होतं, कुंताबाई. शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं. पण पाण्याचा रंग कुठे बदलला, बुडबुडे कुठे उठतात, बगळे कुठल्या अंगाला सरकले, एवढं पाळीवर, तलावाच्या बांधावर, उभं राहून पाहिलं की ती बोट दाखवायची, आणि ढिवर मासेमारांचं मोठं जाळं तिथेच पडायचं. चाळीस वर्षं हे असंच चाललं. जाळं क्वचित हलकं आलं तर दोष ओढणाऱ्यांचा, अशी गावाची समजूत होती. कुंताबाईची तर होतीच.

मग गुडघे रुसले. हृदय अशक्त म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशनला नाही म्हटलं. सपाट अंगणात ती वॉकर घेऊन फिरायची, पण तलावाची उभी पाळ तिला बंद झाली. दोन उन्हाळे तिच्यावाचून जाळं पडलं आणि दोन्ही वेळा त्यात मासळीपेक्षा शेवाळ जास्त निघालं. जाळ्याचा म्होरक्या पत्रू तिच्याच हाताखाली तयार झालेला. तो शरमून घरी आला आणि म्हणाला, "काकू, आमी चौघं तुले खाटेवर बसवून पाळीवर नेतो."

"खाटेवर माणूस एकदाच जाते बापा," कुंताबाई म्हणाली. "मले आत्तापासून काऊन नेता?"

त्या दिवशी ती जेवली नाही. कामाचं माणूस घरात बसून राहिलं की त्याला आपण जिवंत असल्याचीही लाज वाटू लागते, तसं तिचं झालं होतं.

तिचा मुलगा प्रफुल वीज खात्यात लाइनमन. नागपुरात साहेबांच्या घरी त्याने एक खुर्ची पाहिली. जिन्याच्या कडेने रूळ, रुळावर खुर्ची. बटण दाबलं की माणूस बसल्या बसल्या वर. प्रफुलच्या डोक्यात दिवा पेटला. त्यांच्या घराचा जिना बाहेरून, एका रेषेत थेट स्लॅबवर जाणारा. स्लॅबवरून शेजाऱ्याच्या घरापलीकडे अख्खा तलाव दिसायचा.

"आई, घरातूनच पानी पाहाचं अन् फोनवर सांगाचं," तो म्हणाला.

"म्हंजे म्या आता उंटावरून शेळ्या हाकाच्या!" असं म्हणून तिने तोंड फिरवलं. पण संध्याकाळी भाकरी थापता थापता सुनेला हळूच विचारलं, "डिंपल, लाइन गेली तं मंधातच लटकते का वं ते?" बॅटरी असते म्हणून कळलं, तशी तिने दुसऱ्याच दिवशी जिन्याखालचा पसारा स्वतःच्या हाताने हलवायला घेतला.

नागपूरच्या एजन्सीने फोटो आणि जिन्याचं माप मागवलं. प्रफुल ड्युटीवर निघाला होता. त्याने ते काम वडिलांवर सोपवलं आणि घोटाळ्याची पायाभरणी झाली. दादाजी म्हणजे पंचक्रोशीतले नावाजलेले जाळे विणणारे. त्यांनी जाळ्याची दोरी काढली, खालच्या पायरीपासून वरपर्यंत ताणली, हाताने मोजली. सोळा फूट भरली. आता जाळं विणणारा माणूस नुसत्या मापाचं जाळं कधी विणत नाही. ताणलेल्या जाळ्यात मासा थांबत नाही, म्हणून तिसरा हिस्सा वाढवून झोल ठेवायचा असतो. दादाजींच्या हाताला पन्नास वर्षांची ती सवय. त्यांनी कागदावर मोठ्या समाधानाने लिहिलं, एकवीस फूट. प्रफुलने कागद तसाच पाठवला.

चैत्राच्या शेवटी टेम्पो आला. एजन्सीचा सुरेंद्र दोन माणसांसह रूळ उतरवू लागला. रूळ जिन्याला लावून पाहिला, तर जिना संपला आणि रूळ पाच फूट पुढे आभाळात.

"माप कोणी घेतलं?" सुरेंद्रने विचारलं.

"म्या," दादाजी म्हणाले. "झोल धरून."

"लोखंडाच्या रुळाले झोल?"

दादाजींचा चेहरा पडला. कुंताबाई मात्र वॉकरला धरून इतकी हसली, इतकी हसली, की डिंपलने धावत जाऊन तिला खाली बसवलं. "पन्नास वर्सं जाळे विनले या मानसानं," ती डोळे पुसत म्हणाली, "आता मलेच मासोळी समजून राह्यला!"

सुरेंद्रला हे रोजचंच. जास्तीचा तुकडा कापायला त्याने मशीन काढलं, तेवढ्यात डिंपल पुढे झाली. "भाऊ, थांबा. कापू नोका. मले एक सांगाचं आहे."

दोन महिन्यांपासून ती ते पोटात ठेवून होती. शेजाऱ्याने आपल्या घराच्या स्लॅबवर टिनाचं शेड टाकलं होतं. उभ्या माणसाला त्याच्यावरून तलाव दिसायचा, म्हणून घरात कोणाच्या लक्षात आलं नाही. पण डिंपल वर वड्या घालायला बसली, तेव्हा तिला समोर फक्त टिन दिसलं. "आई तं बसूनच राहीन ना," ती म्हणाली. "खुर्ची ठरली होती, सगळे खूश होते. माह्या तोंडातून निघालंच नाई."

कुंताबाईचं हसू मावळलं. तिने वर पाहिलं, मग रुळाकडे पाहिलं. पाच फूट जास्तीचा रूळ तिरपा वर निघालेला होता.

"सुरेंद्रभाऊ," ती सावकाश म्हणाली, "हा तुकडा किती उंच नेते?"

"तीन फूट नेईल. पण त्याखाली पायरी पाहिजे ना बाई. हवेत नाही बसवता येत."

"मंग पायऱ्या वाढवा ना! रूळ काऊन कापता?"

सुरेंद्र आयुष्यात पहिल्यांदाच असं ऐकत होता. लोक जिन्याच्या मापाची लिफ्ट घेतात. इथे लिफ्टच्या मापाचा जिना निघाला होता. तो डोकं खाजवत राहिला, एजन्सीच्या साहेबांना फोन लावला, आणि शेवटी म्हणाला, पक्क्या पायऱ्या आणि कठडा असेल तर बसवतो. मुखरू मिस्त्री लगेच आला. त्याने स्लॅबवर त्याच उताराच्या पाच पायऱ्या चढवल्या, वर छोटा ओटा, सभोवती पाइपचा कठडा. सिमेंटला पाणी मारायचं काम दादाजींनी कोणाला करू दिलं नाही. दोन आठवड्यांनी सुरेंद्र परत आला, रूळ पायरीपायरीवर पक्का केला आणि धान्याचं पोतं वर-खाली नेऊन तपासलं. जाळं ओढायचं दुसऱ्याच सकाळी होतं.

सकाळी डिंपलने खुर्चीला हळदकुंकू वाहिलं. नारळ मात्र सुरेंद्रने लांब अंगणात फोडायला लावला, मोटारीवर पाणी नको म्हणून. कुंताबाई लुगडं सावरून बसली, पट्टा बांधला, बटण दाबलं. खुर्ची धीमी निघाली. दादाजी शेजारून एकेक पायरी चढत होते, जणू खुर्ची त्यांच्याच आधाराने चालली होती. स्लॅब आला आणि समोर नुसतं टिन. डिंपलने डोळे मिटले. खुर्ची थांबली नाही. जुन्या जिन्यावरून नव्या पाच पायऱ्यांवर आली, आणि टिनाची कड खाली गेली.

तलाव पुरा दिसला. पाळ, कमळाची पानं, मधलं पाणी, पलीकडचे बगळे. कमरेएवढ्या पाण्यात जाळं धरून उभी असलेली माणसं.

प्रफुलने फोन तिच्या कानाशी धरला. पलीकडून पत्रू ओरडत होता, "काकू, दिसते का? कुठी टाकू? सांग लवकर, मानसं पान्यात उभे आहेत!"

कुंताबाईच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. तिने त्या पुसल्या नाहीत, हात कठड्यावर घट्ट होते.

"राहू दे उभे," ती म्हणाली. "दोन वर्सं झाले पत्रू. मले आधी जराशी पाहू तं दे."