चौथ्या आणि पाचव्या ट्रॅकच्या मध्ये

कट्टा गावच्या एसटी थांब्यासमोर गुरुदासचं सीडी-कॅसेटचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक कॉम्प्युटर, एक सीडी रायटर आणि भिंतीला टांगलेला पखवाज. लवू बुवांच्या भजनी मंडळात त्याने तो अठरा वर्षं वाजवला. २००६च्या चैत्रात छातीत कळ येऊन बुवा गेले आणि मंडळ मोडलं. त्यानंतर गुरुदासला वाजवायला कोणी बोलावलं नाही. लग्न त्याने केलं नव्हतं. दिवसभरात गिऱ्हाइकांशी होईल तेवढंच बोलणं.

वर्षश्राद्ध आठ दिवसांवर आलं तेव्हा बुवांची बायको सत्यवती सीडी परत घेऊन आली. बुवांच्या शेवटच्या जत्रेतलं बावन्न मिनिटांचं भजन गुरुदासने सात ट्रॅक पाडून तिला दिलं होतं, हवा तो अभंग पटकन लावता यावा म्हणून. पण बुवांचं भजन मध्ये कुठे थांबायचंच नाही. अभंग संपला तरी पखवाज चालू राहायचा आणि त्यावरच पुढचा गजर उभा राहायचा. रायटरने मात्र आपल्या सवयीने दर दोन ट्रॅकमध्ये दोन सेकंदांची शांतता घातली होती.

“मधेच गप होतत रे,” सत्यवती म्हणाली. “दरवेळेक माझ्या काळजात धस्स होता.”

गुरुदासने फाईल पुन्हा उघडली. सीडी एका सेकंदाचे पंचाहत्तर भाग मानते. काप त्यातल्या नेमक्या हद्दीवर पडला नाही, तर सांध्यावर टक् असा आवाज येतो. हेडफोन लावून तो एकेक सांधा तपासू लागला. चौथ्या आणि पाचव्या ट्रॅकच्या मध्ये, त्याच्याच पखवाजाखाली, बुवांचा आवाज होता. अगदी हळू.

“गुरुदास, लांबव रे जरा. दम लागलो माका.”

त्याने ते तीनदा ऐकलं. जत्रेत पखवाज त्याच्या कानाशी होता आणि माईक बुवांच्या तोंडाशी. त्याला फक्त पेटीच्या भात्यावरून उचललेला हात दिसला होता. हात उचलला म्हणजे आवर, हा मंडळाचा शिरस्ता. त्याने लगेच तिहाई घेऊन पखवाज समेवर आणला होता आणि बुवांना दम न घेता तसाच गजर उचलावा लागला होता.

तिथला आवाज हळूहळू उतरवून ते वाक्य गाळता आलं असतं. विकतच्या सीड्यांत असंच करतात. कोणाला कळलंही नसतं. पण तिला भजन सलग हवं होतं. ट्रॅक सुटे लिहायचे सोडून त्याने सबंध सीडी एका झपाट्यात लिहायला लावली, म्हणजे मध्ये शांतता पडणार नव्हती. पाचव्या ट्रॅकची खूण ते वाक्य संपल्यावर ठेवली.

सीडी द्यायला तो स्वतः गेला. सत्यवतीने लगेच लावली. तीन सांधे सुरळीत गेले, तशी ती मान डोलवू लागली. चौथा ट्रॅक संपता संपता तिने हात पुढे करून प्लेअर बंद केला.

“माका घरात कधी सांगूक नाय, दम लागता म्हणान,” ती म्हणाली. तिला उलट थोडं बरं वाटल्यासारखं दिसलं. “तुका तरी सांगल्यानी.”

गुरुदास गप्प राहिला असता, तरी चाललं असतं.

“वयनी, मिया आयकूक नाय तां. हात दिसलो, म्हणान आवरलंय.”



“म्हणजे कोणीच आयकूक नाय,” ती म्हणाली.

“येतंय” म्हणून गुरुदास उठला. तिने ‘बस जरा’ म्हटलं नाही.