लाल टपावरचा अंगठा

या सदरात दर खेपेला कुणाला ना कुणाला चिंचेखाली पांढऱ्या लुगड्यातली बाई दिसते. मी ते वाचतो आणि बायकोला म्हणतो, याला पित्त झालं असणार. भूत, करणी, भानामती… आमच्या मराठवाड्यात या गोष्टींना तोटा नाही, पण मी त्यातला नव्हतो आणि आजही नाही. मी घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. घड्याळ बंद पडतं ते स्प्रिंग तुटल्यामुळं नाहीतर तेल आटल्यामुळं, त्यात शनी-मंगळ येत नाहीत. तरीही लिहायला बसलोय, कारण सत्तरी ओलांडली आणि ही एक गोष्ट काही केल्या पोटात राहत नाही. वाचून मला वेडा म्हणा, चालेल. त्याहून वाईट काही म्हणालात तर तेही बरोबरच असेल.

साल सत्त्याऐंशी. मानवतला मोंढ्याच्या रस्त्यावर माझं दुकान होतं, आठ बाय दहाचं. नामांतराचे दिवस. आज मोर्चा, उद्या बंद, परवा एस.टी. अडवलेली. अर्धं शटर खाली ओढून बसायचं आणि गिऱ्हाईक नसलं की माझा नाद करायचा. नाद कसला, तर मोटारींचा! खऱ्या नाही हो, वीतभर लांबीच्या. परदेशात प्लास्टिकच्या सुट्ट्या भागांचे डबे मिळायचे, ते घरी चिकटवून, रंगवून गाडी तयार करायची. तसल्या जुन्या, कुणीतरी वेड्यावाकड्या चिकटवलेल्या गाड्या मी हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणायचो. सांधे सोडवायचे, रंग काढायचा, भेगा बुजवायच्या आणि डब्यावर चित्र असेल हुबेहूब तशी गाडी पुन्हा उभी करायची. काचेच्या कपाटात अशा नऊ गाड्या होत्या. मोंढ्यातले लोक हसायचे, "आप्पा, तुमची लेकरं मोठी झाली, तुमी कवा व्हनार?"

एका दुपारी सुंदराबाई आली. पेडगावची. लेक मानवतला दिलेली, म्हणून तिचं येणं-जाणं असायचं. फडक्यातून तिनं एक गाडी काढून काउंटरवर ठेवली. निळी, लांब शेपटीची अमेरिकन गाडी. पुढचं एक चाक निखळलेलं.

"आमच्या मालकानं केलेली हाय," ती म्हणाली. "हैदराबादेला एका डाक्टर साहेबाकडं डायवर व्हते. साहेबानं डबा दिला, यांनी बसून बसून जोडली. आता ते न्हाईत. तेवढं चाक बसवून द्या, आप्पा. दुसरं काई करू नका."

वयानं ती माझ्या आईएवढी. ती मला 'तुमी' म्हणायची, मी तिला 'तू'. आमच्याकडं तशीच रीत होती आणि मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. मी गाडी भिंगाखाली धरली. ही गाडी मी फक्त एका फाटक्या परदेशी मासिकात पाहिली होती. सगळे भाग जागेवर. वर मात्र बैलगाडीला लावतात तसल्या तेलरंगाचा जाड थर, सांध्यांतून बाहेर आलेला डिंक आणि टपाच्या मधोमध ओल्या रंगात उमटलेला एक अंगठा. अरे देवा, काय हे अनाडी काम, मी मनात म्हटलं.

"डबा आहे का गं याचा?" मी विचारलं.

"हाय की घरी, पत्र्याच्या पेटीत."

दुसऱ्याच दिवशी मी पेडगावला गेलो. जो मी सासुरवाडीच्या लग्नालाही दुकान सोडत नसे, तो एका रिकाम्या डब्यासाठी एस.टी.त उभा राहून गेलो. गावाबाहेरची वस्ती. सारवलेलं घर, भिंतीवर निळ्या कोटातला फोटो. तिनं डबा पुसून दिला. झाकणावर चित्र अजून झळझळीत होतं आणि गाडी लालभडक. तिनं चहा टाकते म्हटलं. मी म्हटलं, "उपास आहे."

"उपासाला च्या चालतो की."

"पोट बिघडलंय जरा," मी म्हटलं आणि डबा काखेत मारून निघालो. माझं पोट ठणठणीत होतं.

चाक बसवायला दहा मिनिटं लागली असती. पण लाल गाडीचं चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना. हात शिवशिवायला लागले. आणि खरं सांगायचं तर, त्या निळ्या रंगाकडं पाहून माझ्या मनात आणखीही एक विचार आला. ते दिवसच तसे होते, असं म्हणून मी सुटू शकलो असतो, पण मन माझंच होतं. यांना मेलं सगळंच निळं लागतं, असं मी मनात म्हटलं होतं. आणि गाडी ब्रेक ऑइलमध्ये बुडवली. ब्रेक ऑइलनं रंग सुटतो, प्लास्टिकला धक्का लागत नाही. दोन दिवसांत निळा थर सायीसारखा सुटून आला. मग कुल्फीवाल्याच्या बर्फाच्या पेटीत ठेवून, गारठ्यानं डिंक ठिसूळ झाल्यावर, सांधे मोकळे केले. टपावर अंगठ्याचा एक खड्डा तरीही राहिला होता, कारण रंगात मिसळलेल्या थिनरनं प्लास्टिक तेवढं मऊ झालं असावं. तो मी पुट्टी भरून, पॉलिश पेपरनं घासून आरशासारखा साफ केला. फार अभिमान वाटला मला त्या दिवशी.

सुंदराबाई दर पंधरवड्याला यायची. "झाली का, आप्पा?" मी म्हणायचो, "पुढल्या बाजाराला ये." असं चार वेळा झालं. आता परत देणं माझ्या जिवावर आलं होतं. पाचव्या खेपेला मी तिच्याकडं न बघता म्हटलं, "बाई, उंदरानं कुरतडली गं. सगळी गेली."

ती उभीच राहिली. मग म्हणाली, "तुकडं असतील तर द्या. तसंच ठिवते."

"तुकडेही झाडून टाकले."

तिनं फडकं, गाडी गुंडाळून न्यायला आणलेलं, घडी घालून कमरेला खोचलं. "बरं," म्हणाली आणि गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. गाडी तेव्हा माझ्या पायाजवळ, काउंटरच्या खणात होती.

रंग मारायचं काम यूसुफभाईचं. बसस्टँडपलीकडं त्याचं गॅरेज. जीपा, ट्रॅक्टर रंगवायचा, पण हात असा हलका की माझ्या गाड्यांवर माशीच्या पंखाएवढा पातळ थर मारायचा. त्यानं लाल रंग मारून दिला. पुरता वाळला की मी गाडी दुकानात आणली, काउंटरवर ठेवली आणि दुपारी जेवायला घरी गेलो. आल्यावर बघतो तर टपाच्या मधोमध अंगठा.

माझाच लागला असेल म्हणून मी स्वतःला शिव्या घातल्या. घासलं, पुन्हा यूसुफभाईकडं. त्यानं पुन्हा रंग मारला आणि या वेळी रात्रभर स्वतःच्या पेटीत कुलूप लावून ठेवली. सकाळी माझ्यासमोर पेटी उघडली. टपावर अंगठा. त्याच जागी, तसाच तिरका.

यूसुफभाई भडकला. रंगाला बोट लागलेलं त्याला खपायचं नाही. "ये कौन हात लगाया रे? चाबी तो मेरे गले में है!" मग त्यानं गाडी उजेडात धरून तिरकी केली. "आप्पा, ये उपर से नै लगा. ये रंग के अंदर से आया."

"काय बोलतोस? पुट्टी बसली असेल."

"पुट्टी को अंगूठा रैता क्या?"

तिसऱ्यांदा मी सगळं खसाखसा तळापर्यंत घासलं. पुट्टी नवी भरली. यूसुफभाईनं तोंड वाकडं करत रंग मारला. वाळल्यावर मी गाडी पालथ्या काचेच्या बरणीखाली झाकली, बरणीच्या काठाला मेण लावलं, शटरला कुलूप ठोकलं आणि किल्ली कंबरेला बांधून जेवायला गेलो. भर दुपार होती, रस्त्यावर मोंढ्याच्या गाड्या चाललेल्या. पाऊण तासानं परत आलो. मेण जसंच्या तसं. आणि काचेतून दिसत होता तो अंगठा.

मी स्टूल पुढं ओढलं. मग भिंग डोळ्याला लावलं. ठशाच्या रेषा स्वच्छ होत्या आणि त्यांना आडवी कापत गेलेली एक जुनी चीर होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी स्टँपपॅडवर माझे दोन्ही अंगठे दाबून कागदावर उठवले. चीर नाही. यूसुफभाईला बोलावून त्याचे उठवले. चीर नाही. तो कागदाकडं बघत राहिला आणि मग त्यानं मला तो प्रश्न विचारला, जो मी तीन महिने चुकवत होतो.

"आप्पा, सच बोलो. ये चीज किसकी है?"

मी सांगितलं. सगळं नाही, पण बरंचसं. तो उठला, हात पुसले आणि म्हणाला, "मेरेकू नक्को अब इसका काम. देके आव."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं माझं. रस्त्यात कुणी नुसतं "आप्पा" म्हणून हाक मारली तरी दचकायचो. भीती वाटत होती, हे खरं. पण पश्चात्ताप वगैरे म्हणाल तर तो तेव्हा नव्हता हो. चौथ्यांदा घासावं की काय, असंही मनात आलंच होतं. दोन दिवस तसेच काढले आणि तिसऱ्या दिवशी पेडगावची एस.टी. धरली. वाटेत ठरवलं, सगळं कबूल करायचं. पाय धरायचे.

सुंदराबाई अंगणात ज्वारी निवडत बसली होती. मला बघून उठली. या वेळी तिनं चहाचं विचारलं नाही. मी पिशवीतून गाडी काढली आणि तोंडातून निघालं, "बाई, सापडली."

सापडली! एवढं ठरवून गेलो आणि पहिलाच शब्द खोटा.

"उंदरानं खाल्ली म्हनलाव न्हवं?" ती म्हणाली.

"दुसरीच होती ती. माझी चूक झाली."

तिनं सुपातल्या ज्वारीचे हात पदराला पुसले, गाडी घेतली, फिरवून बघितली. "लाल केलाव व्हय," ती हळूच म्हणाली. "साहेबाची खरी गाडी निळी व्हती. रोज धुवायचे ना आमचे मालक, म्हून तसलाच रंग हुडकून आनला व्हता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिचं बोट टपावर गेलं आणि थांबलं. तिनं गाडी डोळ्यांजवळ नेली. अंगठ्याच्या त्या चिरेवरून तिनं नख फिरवलं, एकदा, दोनदा. आणि तिथंच खाली बसून ती रडायला लागली.

"ह्ये हाय की! जॅक घसरला तवा कापला व्हता त्येंचा अंगठा, ही बगा चीर." मग डोळे पुसत सांगायला लागली. "त्येंना लिवता येत नव्हतं, आप्पा. गाडी झाली तवा साहेब म्हनला, लिंबाजी, काम करनारा आपल्या कामावर सही करतो. हे लय लाजले. मग रंग वला व्हता तवर अंगठा लावला. म्हनले, सुंदरा, आजवर दुसऱ्याच्या कागदावर लावला, ह्यो पैला माज्या सोताच्या चीजंवर."

मी रिकाम्या पिशवीची घडी घालायला लागलो.

"तुमी समदी नवी केलाव, रंग बदललाव, पन त्यांचा अंगठा तेवढा राखलाव." तिनं माझ्या पायाला हात लावला. माझ्या आईएवढी बाई! "दुसऱ्या कुनी घासून टाकला असता. तुमाला कळलं, आप्पा."

आता सांगायचं होतं. जागा होती, वेळ होता, अंगणात आम्ही दोघंच होतो. बाई, तो मी घासला, एकदा नाही, तीनदा घासला, अनाडी म्हणून घासला. एवढंच वाक्य होतं. आणि मी, घड्याळवाला आप्पा, पाय मागं घेत म्हणालो, "राखणारच की."

त्यानंतर तो ठसा पुसट झाला नाही की गडद झाला नाही, गाडी तिच्या घरी फोटोखालच्या फळीवर राहिली. मला पुढं कधी काही दिसलं नाही, स्वप्नही पडलं नाही. नाद मात्र सुटला. नऊच्या नऊ गाड्या विकून टाकल्या. मेणबंद बरणीखाली, वाळलेल्या रंगात ठसा कसा उमटला, याचा मी तीस-पस्तीस वर्षं विचार केला. उष्णतेनं, पुट्टीनं, थिनरनं… एकही हिशेब त्या चिरेपाशी टिकत नाही. कुणा जाणकाराकडं उत्तर असेल तर जरूर कळवावं, माझ्याकडं नाही.

सुंदराबाई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. गाडी तिच्या लेकीकडं आहे, इथं मानवतलाच. ती बाजारात भेटली की नातवंडांना माझ्याकडं बोट दाखवून सांगते, "ह्या आप्पानं तुमच्या पनजोबाची सही जपली बरं का." पोरं वाकून नमस्कार करतात. मागच्या महिन्यातही भेटली होती. मी मान डोलावली आणि पोरांच्या डोक्यावर हात ठेवला.