नव्या पोत्याची चव

लायल कार्वोनेन जन्माला आला तोच दचकून, असं त्याचा बाप उर्हो चारचौघांत सांगत असे. पोरगं पुढे ताडासारखं वाढलं, अमेरिकेतल्या डुलुथ नगरपालिकेचा बर्फ ढकलायचा भला मोठा ट्रक चालवायला लागलं, पण भीती काही हटली नाही. टेकडीच्या उतारावर ब्रेक लागेल का, ही भीती. छातीत कळ आली ती वाऱ्याची की मरणाची, ही दुसरी. आई चुलीपाशी उभी असतानाच हृदय बंद पडून गेली, तेव्हापासून लायलची दोन बोटं मनगटावरच असायची.

एकदा डॉक्टर म्हणाला, यकृतावर चरबी चढलीय, ट्रकमध्ये बसून बर्गर चापणं कमी करा. शहाण्या माणसाने कमी केलं असतं. लायलने जेवणच सोडलं. इंटरनेटवर त्याला त्याच्याच जातीची घाबरट मंडळी भेटली. शरीराला लागतं ते सगळं घरीच मोजायचं, पाण्यात घुसळायचं आणि प्यायचं, असा त्यांचा पंथ. लायल त्यात सामील झाला. ओटचं पीठ, दुधातल्या प्रथिनांची पावडर, मक्याची पिठी, तेल, मीठ, जीवनसत्त्वांच्या कुटलेल्या गोळ्या. मिक्सर फिरला की भिंतीला लावायच्या लुकणासारखं काहीतरी तयार व्हायचं. ते मोठ्या जगमध्ये भरून तो बर्फ ढकलता ढकलता घोट घोट प्यायचा.

उर्होचा जन्म गाईंत गेलेला. गोठा विकून, गुडघे झिजवून तो आता मुलाकडे राहत होता. पहिल्याच दिवशी त्याने जगमध्ये नाक घातलं.

"हे मी ओळखतो रे. वासरांचं दूध! पोत्यातली पावडर, कोमट पाणी, बादली. तुला फक्त चोखायला रबरी बोंड नाही."

"बाबा, शरीराला लागतं ते सगळं आहे यात."

"वासरांच्या पोत्यावरही हेच छापलेलं असायचं."

लायलला हसू यायचं नाही. कारण त्या डब्यांमध्ये एक डबा पोटॅशियमचा होता. मिठासारखंच पांढरं, आणि शरीराला हवंच हवं, पण प्रमाणाबाहेर गेलं तर चालतं हृदय थांबवणारं. त्याने त्या डब्यावर लाल पट्टी चिकटवली होती. ते वजन तो दोनदा करायचा, मग शंका येऊन तिसऱ्यांदा. नवीन घाणा केला की पहिला पेला हातात धरून उभाच राहायचा.

"काटा आज नाचत होता, बाबा. चुकून जास्त पडलं असलं तर?"

"मग ओत मोरीत आणि अंडी तळ."

पण ओतवायचंही नाही आणि प्यायचा धीरही नाही. शेवटी डोळे मिटून प्यायचा, आणि मग तासभर मनगट धरून बसायचा. म्हातारा समोर बसून हे सगळं बघत असे.

बापासाठी मात्र लायल रोज खरा स्वयंपाक करी. बटाटे दोनदा पाणी बदलून उकडायचे, केळं नाही, टोमॅटो नाही. म्हाताऱ्याची मूत्रपिंडं थकली होती. त्याच्या रक्तात पोटॅशियम साचू द्यायचं नाही, असं डॉक्टरने लायलला बाजूला घेऊन बजावलं होतं. ते बापाच्या तोंडावर सांगायची लायलची छाती झाली नाही. बटाटे असे पाणचट का, असं उर्होने विचारलं की तो म्हणायचा, "डॉक्टरचं म्हणणं आहे." आणि ज्या लुकणाची बाप रोज टर उडवतो त्याला तो तोंड लावेल, हे तर त्याच्या स्वप्नातही आलं नाही. एवढ्या धास्त्या बाळगल्या, नेमकी हीच राहिली.

फेब्रुवारीत शहरालगतच्या अफाट तळ्यावरून वादळ आलं. लायल पहाटेच ट्रक घेऊन निघाला आणि गडबडीत लुकणाचा जग घरीच विसरला. दुपारी पोटात कावळे ओरडायला लागले तेव्हा ट्रक दारात उभा करून तो आत शिरला.

उर्हो खुर्चीत कलंडला होता. शेजारी रिकामा पेला होता, त्याच्या काठाला लुकण वाळलेलं.

"बाबा! हे तुम्ही प्यायलात?"

"ओरडू नकोस. पाय उचलत नाहीयेत. भिजलेल्या कणकेसारखे झालेत."

लायलने बापाचं मनगट धरलं. स्वतःच्या नाडीवर इतकी वर्षं बोटं ठेवलेला माणूस तो, त्याला क्षणात कळलं. एक ठोका पडत होता, आणि दुसरा येईल की नाही याची वाट बघावी लागत होती. त्याने फोन केला. रुग्णवाहिका टेकडीखाली बर्फात अडकली होती.

"रस्ता मोकळा झाला की पाठवतो," पलीकडची बाई म्हणाली.

"रस्ता मोकळा करणारा मीच आहे हो!" लायल किंचाळला, आणि त्याने बापाला घोंगडीसकट उचललं.

ट्रकचं पातं खाली टाकून तो टेकडी उतरायला लागला. पुढचं काही दिसत नव्हतं. ब्रेक लागेल का, हा विचार या खेपेला त्याच्या मनात आलाच नाही. एक हात चाकावर, दुसरा बापाच्या मनगटावर. "बोलत राहा बाबा, काहीही बोला," असं तो घोकत होता. त्याला रडू येत होतं आणि रडलं तर काच दिसणार नाही, याचीही धास्ती होती.

"डावीकडच्या कडेचा बर्फ सुटतोय तुझा," उर्हो पुटपुटला.

"सुटू दे!"

"लोक शिव्या देतील."

इस्पितळात तारा लावल्या, सुया टोचल्या. पडद्यावरच्या रेघा बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पोटॅशियम." इतके दिवस त्याने ज्याला लाल पट्टी लावून ठेवलं होतं, ते बापाच्या छातीत जाऊन बसलं होतं. आणि काटा चुकला नव्हता. कणभरही जास्त पडलं नव्हतं. लायलला जे मापात होतं, तेच म्हाताऱ्याला विष होतं.

रात्र सरली. रेघा हळूहळू ताळ्यावर आल्या, तेव्हा बाईंनी म्हाताऱ्याला दरडावलं, "आजोबा, आणि हे पिणं कधीपासून चालू होतं?"

"दर नव्या घाण्याला एक पेला. हा झोपलेला असायचा."

"पण कशाला?"

उर्होला हा प्रश्नच अडाणीपणाचा वाटला. "नवं पोतं फोडलं की आधी आपण प्यायचं, मग वासरांना घालायचं. पोत्यात काय असेल सांगता येतं का? आणि चमचाभर चाटून काय कळतंय, वासराच्या तर पोटभर जातं." त्याने हनुवटीने लायलकडे दाखवलं. "हे वासरू रोज पेला धरून थरथरत उभं राहायचं. बघवेना."

लायलने तोंड फिरवलं. खिडकीतून खाली त्याचा ट्रक दिसत होता, वाकडातिकडा लावलेला. मग तो पलंगाच्या कडेला बसला आणि सांगायचं राहिलेलं सगळं त्याने सांगितलं. मूत्रपिंडं, साचणारं पोटॅशियम, बटाट्यांचं पाणी.

"एवढंच होतं तर आधी बोलायचंस, गाढवा," उर्हो म्हणाला.

"भीती वाटत होती, बाबा."

"ती तर तुला पावाचीही वाटते."

दुपारी परिचारिकेने पेला आणून ठेवला. थकलेल्या मूत्रपिंडांना चालेल असं इस्पितळाचं पातळ जेवण, रंगाने तेच लुकण. उर्होने हात पुढे केला. लायलने पेला मागे ओढला, डोळे उघडे ठेवून एक मोठा घोट घेतला आणि गिळून बसून राहिला.

"आता किती वेळ थांबायचं?" उर्होने विचारलं.

"तुम्ही गोठ्यात किती थांबायचात?"

"वासरं ओरडायला लागेपर्यंत."

लायल थांबला. थोड्या वेळाने पलंगावरून, तारांच्या जंजाळातून, बारीक आवाज आला.

"हम्मा."