आत्याचा अंगठा

"ही बाटली दोन महिन्यांची. ही पिशवी आठ दिवसांची, कोवळी आहे अजून," म्हणत आत्यानं अंगठ्याच्या नखानं बुळबुळीत थर खरवडला.

प्रयोगशाळेतली पोरगी भराभर लिहून घेत होती. पाण्यातल्या प्लास्टिकवर जंतू कसे घर करतात हे तिला शोधायचं होतं. पण कुठला तुकडा किती दिवस भिजला, हे सांगणारं यंत्र तिच्याकडे नव्हतं. आत्याकडे अंगठा होता. बावीस वर्षं पंपघराची कचरा अडवणारी जाळी साफ करून तयार झालेला.

"आत्या, हे काय?" पोरीनं तिचा हात धरला. नखाजवळची जखम ओली, सूज मनगटाकडे निघालेली.

"तीन आठवडे झाले पत्रा लागून. गोळ्या घेतल्या की. शेजारणीच्या चार उरल्या होत्या, जावेच्या तीन."

"वेगवेगळ्या?"

"एक पांढरी, एक पिवळी. रंगाचं काय घेऊन बसलीस? पोटात सगळा अंधारच."

पोरीनं तिला ओढतच दवाखान्यात नेलं. जखमेतला पू तपासला, तर दोन्ही गोळ्यांना जंतू दाद देईनात.

"अर्ध्यामुर्ध्या गोळ्यांनी कच्चे जंतू मरतात, निबर उरतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि बाटलीवरचा थर म्हणजे त्यांची वस्तीच. तिथं औषधाला चकवायची एकाची युक्ती दुसरा शिकतो. हे तिसरं औषध चालतंय. सातही दिवस घ्या, नाहीतर अंगठा काढावा लागेल."

आत्यानं अंगठा मुठीत झाकला. अंगठ्याशिवाय जाळीवरचा कचरा ओढायचं दंताळं धरायचं कसं?

चौथ्या दिवशी सूज उतरली, तशी ती घरी सुनेला म्हणाली, "बरी झाले बघ! उरलेल्या गोळ्या डब्यात ठेव, कुणाला तरी लागतील."

"आणि अंगठा कुठल्या डब्यात ठेवू?" सुनेनं पाण्याचा पेला पुढं केला. आत्यानं मुकाट गोळी गिळली. सातव्या दिवसापर्यंत.

अंगठा वाचला, पण कामावर जाड रबरी हातमोजे आले. त्यातून काही कळेना. कालची बाटली वर्षाची वाटायची. शेवटी आत्यानं घरातला जुना चमचा आणला, तो थरावरून ओढला, खरखरीला कान दिला.

"एकवीस दिवस."

"वीस," पोरगी हसली. "मीच ही बाटली बांधून पाण्यात सोडली होती."

"मग तूच लिहायला चुकलीस."

इतक्यात पंप कण्हायला लागला. जाळी तुंबली होती. आत्यानं चमचा कमरेला खोचला आणि दंताळं उचललं.