अफूच्या युद्धावर रागावलेले काका

माझ्या मैत्रिणीचे सासरे ज्या युद्धावर संतापलेले असत, ते संपून दीडशेच्या वर वर्षं झाली होती. पण ही बातमी त्यांना कुणी दिली नसावी. दोन हजार चार साली मी पुण्याहून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला नोकरीसाठी आले आणि पहिल्याच शनिवारी मैत्रिणीच्या टाउनहाऊसवर जेवायला गेले. दार उघडलं आणि आतून आवाज आला, "अगं, तूच सांग! कुणी बळजबरीनं तुझ्या घरात विष विकायला लागला, तू ते गटारात ओतलंस, म्हणून त्यानं तुझं घर जाळून वर तुझ्याचकडे भरपाई मागितली, तर त्याला व्यापारी म्हणशील की दरोडेखोर?" मी चपला काढता काढता म्हटलं, "दरोडेखोर." "बस इकडे," काका म्हणाले. आमची ओळख झाली ती एवढीच.

काका इंदूरच्या मराठी शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेले. इतिहासात युद्धं हजार, पण त्यांनी रागावायला एकच निवडलं होतं, इंग्रजांनी चीनवर लादलेलं अफूचं. इंग्रजांना चीनचा चहा हवा, चीनला मात्र इंग्रजांचं काहीच नको. मग चांदी किती मोजायची? म्हणून आपल्याकडची अफू तिकडे चोरून उतरवायची. चीननं ती धरून चुन्याच्या खड्ड्यांत कालवून समुद्रात सोडली, तर आरमार घेऊन यायचं आणि जाताना हाँगकाँग खिशात घालायचं. हे सगळं ते काल सोसायटीत घडल्यासारखं सांगत. चहा त्यांनी या तत्त्वापायी सोडला होता. मैत्रिणीच्या मते पित्तापायी. टीव्हीवर इराकच्या बातम्या लागल्या की ते आवाज बंद करत. "कारणं ऐकायची नसतात, नकाशा बघायचा असतो," म्हणत. एका दिवाळीला मी अनारसे नेले, तर वरच्या खसखशीवर बोट ठेवून गंभीरपणे म्हणाले, "ही त्याच अफूच्या बोंडातली." मी ओशाळून डबा मागे घ्यायला लागले. "अगं, काय करून राहिली तू! हिचा काय गुन्हा? एक भाऊ वाया गेला म्हणून बहिणीला शिक्षा?" आणि त्या निर्दोष बहिणीला न्याय द्यायला त्यांनी सहा अनारसे संपवले. गावाजवळच्या नाइल्स कॅन्यनमधल्या जुन्या रेल्वेमार्गावर मी त्यांना फिरायला घेऊन गेले, तर रुळांपाशी चप्पल काढून उभे राहिले. "हे रूळ कुणी टाकले ठाऊक आहे? चिन्यांनी. त्या युद्धानं दक्षिण चीनची घडी विस्कटली, माणसं पोटासाठी निघाली ती इथवर आली. तुम्ही सगळे म्हणता युद्ध संपलं. कुठे संपलं?"

खरा भडका उडाला तो नातीच्या पुस्तकामुळे. ईशा दहावीत होती. तिच्या इतिहासाच्या पुस्तकात हे युद्ध चार ओळींत उरकलं होतं, आणि कारण दिलं होतं 'व्यापारविषयक मतभेद'. काका दोन दिवस जेवले नाहीत म्हणणं अतिशयोक्ती होईल, पण जेवताना एक शब्द बोलले नाहीत, आणि ते जास्त भयंकर होतं. "मतभेद! भाजीत मीठ किती, याला मतभेद म्हणतात!" तिसऱ्या दिवशी त्यांनी शिक्षिकेला नऊ पानी पत्र लिहिलं. ती बाई भली. तिनं त्यांना वर्गात येऊन बोलायलाच बोलावलं. "Ajoba, please don't," ईशा गयावया करत होती. काकांनी सूट चढवला. त्यांना सोडायला मी गेले होते, म्हणून मागच्या बाकावर बसून सगळं पाहिलं.

पंधरा मिनिटांचे चाळीस झाले, पण एकही मूल हललं नाही. इंग्रजी अडखळलं की काका टेबलावर मूठ आपटत आणि वाक्य पुढे सरकत असे. शेवटी खिडकीजवळच्या एका चिनी मुलीनं हात वर केला. तिनं अगदी सरळपणे विचारलं, "पण मग ती अफू पिकवली कुणी?"

काकांची मूठ टेबलावर तशीच राहिली. "आम्ही," ते म्हणाले. एवढंच. मग त्यांनी शिक्षिकेचे आभार मानले आणि वर्गाबाहेर आले.

परतताना गाडीत ते माझ्याशेजारी बसले. सिग्नलला थांबल्यावर म्हणाले, "माझे खापरपणजोबा अफूचे पारखी होते. माळव्यात पिकायची, इंदुरात यायची, तिथून मुंबईला आणि मुंबईहून जहाजानं चीनला. वासावरून माल सांगायचे. घरात त्यांची फार वाहवा. मुलांना शिकवताना मी मुंबईपासून सुरुवात करायचो, इंदूर गाळायचो. तीस वर्षं गाळलं. त्या पुस्तकवाल्यावर मी कोणत्या तोंडानं चिडलो गं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "शेजाऱ्यांकडे जायचंय. तू चल. माझं इंग्रजी रागात बरं चालतं, माफीत अडखळतं."

शेजारी एक चिनी कुटुंब राहायचं. त्यातल्या आजी, इंग्रजांची अफू जिथे उतरायची त्या कँटन बंदराजवळच्या एका गावातल्या, ऐंशीच्या पुढच्या, इंग्रजीचा गंध नसलेल्या. त्यांच्या मुलानं दार उघडलं. काकांनी हात जोडून "आय हॅव कम टु से सॉरी" म्हणताच तो गडबडला. "नाही नाही, सॉरी आम्हीच! आमच्या कारल्याचा वेल तुमच्या कुंपणावर आलाय, मी आजच छाटतो." "वेल नाही हो!" काका उसळले. "वॉर! वॉर!" तो आणखीच घाबरला. शेवटी मी मध्ये पडून सगळं समजावलं आणि त्यानं ते आईला सांगितलं. सांगताना त्याचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता, हे स्पष्ट दिसत होतं.

आजींनी शांतपणे ऐकलं. मग त्या बोलत गेल्या आणि मुलगा थोडं थोडं सांगत गेला. त्यांचे आजोबा अफू ओढत. शेवटी शेवटी त्यांना पोटच्या मुलांची नावंही आठवत नसत. त्यांच्या आजीनं एकदा अफूची नळी मोडली, तर आजोबा तान्ह्या पोरासारखे रडले. "आईची आजी दिवसभर कुणाला तरी शिव्या घालायची," मुलगा म्हणाला, "कुणाला, ते आईला कधी कळलं नाही." मग आजींनी काकांकडे रोखून पाहत काहीतरी विचारलं. मुलगा घुटमळला. "आई विचारतेय, तुमच्या त्या खापरपणजोबांना ठाऊक होतं का, ती अफू कुठे जाते?"

मला वाटलं, काका आता इंग्रजांवर घसरतील. ते म्हणाले, "नसेल ठाऊक, असं मी स्वतःला सांगत आलो." मग त्यांनी आजींकडे पाहिलं. "ठाऊक होतं. सगळ्या इंदुराला ठाऊक होतं."

मुलानं भाषांतर केलं. आजी उठून आत गेल्या. आता आपण निघावं की थांबावं, ते मला कळेना. त्या परत आल्या त्या चहा घेऊन. काकांनी तो कप दोन्ही हातांनी घेतला आणि शेवटच्या थेंबापर्यंत संपवला.

त्यानंतर काका निवळले असतील असं कुणाला वाटेल, तर ते चूक आहे. ते पूर्वीपेक्षा जास्त चिडायला लागले. फक्त 'त्यांनी' म्हणायच्या जागी आता बऱ्याचदा 'आपण' येऊ लागलं, आणि हा राग ऐकणं ऐकणाऱ्याला पहिल्यापेक्षा जड जात असे. रोज संध्याकाळी कुंपणाच्या अलीकडे ते आणि पलीकडे आजी खुर्च्या टाकून बसत. हे मराठीत बोलत, त्या त्यांच्या भाषेत. मधे भाषांतर करायला कुणी नसे, आणि दोघांनी कधी कुणाला बोलावलंही नाही.

दोन हजार सातला गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि काका इंदूरला परत गेले. पुढच्या वर्षी तिथेच वारले. बातमी कळल्यावर मी मैत्रिणीकडे गेले, तर हॉलमध्ये शेजारच्या आजी बसल्या होत्या. मुलगा कामावर गेलेला, त्या एकट्याच आल्या होत्या. आवाज चढलेला, तर्जनी हवेत, डोळे भरलेले. कुणावर तरी त्या भयंकर संतापल्या होत्या.

"काय म्हणतायत?" मी मैत्रिणीच्या कानात विचारलं.

"काय माहीत. पाऊण तास झाला, मी नुसती हो हो म्हणतेय." मग ती डोळे पुसत म्हणाली, "पण बाबा इथून गेल्यापासून या घरात कुणी इतकं रागावलंच नव्हतं गं."

मी तिच्याशेजारी बसले. आजी थांबेपर्यंत आम्ही दोघी ऐकत राहिलो.